माझाच निकाल माझ्या उरावर

...आन् तुमाला सांगतो, त्या नागप्पाच्या वकिलानं कागद काढला आन् जज्जसायबाफुडं माझंच नाव वाचलं की वो! "बिरप्पा विरुद्ध शिवानंद, हायकोर्ट!" मी ताडकन उठलो. "हजर हाय सायेब!" माझा वकील शर्ट ओढतोय, "बसा हो, तुम्ही नाही, तुमचा निकाल!"

माझा निकाल! त्यो कसा मिळवला, म्हायती हाय का? आमी मेंढरंवाले. शिवानंदच्या रानातनं आमची मेंढरं वड्यावर पाण्याला जायची, आज्ज्यापासनं. त्यानं आडव्या काट्या टाकल्या. मंगळवेढ्याच्या कोर्टात हरलो, वकील म्हणला, "वर जाऊ की!" सोलापुरात हरलो... "वर जाऊ की!" हायकोर्टात जिकलो! म्या साक्षीत सांगितलं हुतं, "आमच्याकडं वाट इचारून कोन जात न्हाय." हायकोर्टानं तेच धरलं. वीस वर्सं न इचारता, उघड वापरली, आता बंद करता येनार न्हाय! लई पेढं वाटलं वो... शेजारच्या नागप्पाला बी दिलं!

आन् त्याच नागप्पानं माझ्यावर दावा टाकला! व्हय, वीस वर्सांच्या वर जायाची त्याची बैलगाडी माझ्या रानातनं. पर त्याच वाटंवर म्या लेकीला, सुकन्याला, दोन खोल्या बांधल्यात. स्लॅब बी टाकून झालाय! मंगळवेढ्यात त्यो जिकला, म्हणून मी अपिलात सोलापुरात. आज निकाल. म्या म्हणलं, सायेब, त्याला म्याच "जा की" म्हणायचो, परवानगी हुती, मंग हक्क कसला? त्याचा वकील गालात हसला. "पण तुमच्याकडं विचारून कुणी जात नाही ना? साक्ष तुमचीच आहे!" मागनं माझी बायकू मायाक्का पुटपुटली, "कशाला इतकं बोललासा तवा?"

जज्जसायेब पानं उलटत्यात... म्हणले, "बिरप्पा, मला वाईट वाटतं. पण हायकोर्ट वरचं, मी खालचा. त्यांचं म्हणणं मला मोडता येत नाही. वाट मोकळी करा."

म्हंजे घर पाडा! पोरीला कोणत्या तोंडानं सांगू, सांगा की?

भाईर आलो तर वकील खुशाल पान लावतोय. "घाबरू नका, वर जाऊ की!" म्हणलं, आन् वर जाऊन काय सांगायचं वो? तर म्हणतोय, "तो जुना निकालच चुकला म्हणायचं!"

अपिलाच्या कागदावर सही करून आलोय. आता हायकोर्टाफुडं हात जोडून सांगायचं... सायेब, गेल्या बारीला तुमी माझं खरं मानलंसा, तितंच चुकलासा!