वच्छलाबाईंच्या पातोडीचं टेस्टिंग

...आणि बातमीनं यायचं ते कधी यावं? तर ऐन भागाकाराच्या तासाला! म्हणजे तुम्हाला सांगते, डोणगावची शाळा, चौथीचा वर्ग, फळ्यावर बाकी उरलेली, ती बाकी आता कुठं ठेवायची म्हणून पोरं माझ्या तोंडाकडं बघताहेत, आणि पर्समध्ये फोन थरथरतोय. आमच्या यांचा. हे शाळेच्या वेळात मला फोन करत नाहीत, केलाच तर साखरेचा डबा कुठं आहे एवढं विचारतात. मी व्हरांड्यात आले. म्हणाले, दादा गेले, चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तसेच. आणि मी काय विचारावं? सांगा ना, पन्नाशीची बाई, डी.एड. झालेली, काय विचारावं तिनं? मी विचारलं, "गॅस बंद आहे ना?"

हसलात तरी चालेल, त्यांनाही हसूच आलं असतं. दादा म्हणजे उकंडराव, माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. खामगावला एका कापसाच्या जिनिंगात फिटर होते, सगळी हयात नटबोल्टात गेली, आणि रिटायर झाल्यावर मेहकरला आमच्याकडं राहायला आले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. बरं, शिरले म्हणजे कसे, तर आधी दारात दोनदा खाकरायचं, मग मी पदर सावरून फ्रिजच्या कडेला सरकायचं, मग ते ओट्यापाशी. कारण आमचं बोलणं नव्हतं. भांडण नाही हो, रीत! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, सोजराबाईंनी, बजावलं होतं की भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. पुढं सासूबाई गेल्या, पण जाताना ती रीत मागं घ्यायला विसरल्या. आता सोडवणार कोण? मी तालुक्याच्या सभेत माईकवर बोलते, साहेबांना उलट प्रश्न विचारते, आणि घरात चिडीचूप. अशा दोन माणसांनी एका ओट्यावर रेसिपी पक्की करायची, ती कशी?

पातेल्यातून. हो, पातेल्यातून! ते पातेल्याकडं बघून म्हणायचे, "पातेल्या, आज तुह्यात मीठ कमी पडलं बे." मग मी झाकणाला सांगायची, की झाकणा, सकाळी तुझ्यासमोरच कोणीतरी मीठ चमच्यानं मोजून दिलं होतं, त्याला विचार. मी काही त्यांच्याशी बोलत नव्हते हं, झाकणाशी बोलत होते.

आता एवढं टेस्टिंग कशाचं, तर पातोडी रश्शाचं. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, बेसन फोडणीत घोटायचं, ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. मीही तेच म्हणत होते. पण दादांना पाहिजे होती त्यांच्या बायकोच्या हातची. वच्छलाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई... त्यांचं सगळं अंदाजाचं. मूठभर, चिमूटभर, विचारलं तर "टाक न वं, हात सांगते." त्यांनी खामगावहून डब्यात पातोडी पाठवली की आमच्या शेजारची कोकिळा वाटी घेऊन दारात, आणि वर म्हणायची, विरजण मागायला आले होते. त्या गेल्या आणि तो हातही गेला. दादा माझ्या हातची पातोडी पहिल्यांदा जेवले त्या दिवशी स्वतःचं ताट मोरीत ठेवून आले आणि कुकरला म्हणाले, "अंदाजाचं माणसासंगं जाते, कुकरा. मापाचं मांगं राह्यते. मले हे मापात आणाचं हाय."

आता मापात आणायचं तर आधी ती चव ओळखायला नको का कोणी? त्यांची स्वतःची जीभ तंबाखूनं गेलेली. आमच्या यांना काहीही वाढा, "हाव, बरी हाय," संपला निकाल. कोकिळेला फुकटातलं सगळंच गोड. सुट्टीत खामगावला त्यांच्या खोलीवर जाऊन वच्छलाबाईंच्या ताटात जेवलेली उरले मी एकटी. म्हणजे परीक्षक मी, आणि परीक्षार्थ्याशी बोलायची मला बंदी. आहे का असं कुठल्या बोर्डात?

मग सुरू झालं. पहिल्यांदा वाट्या. आमच्याकडच्या सगळ्या वाट्या लग्नात आलेल्या, प्रत्येकीवर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलेलं, दादांनी सगळ्यांत पाणी भरून पाहिलं तर एक वाटी दुसरीशी जुळेल तर शपथ. शेवटी शालिग्राममामांची वाटी प्रमाण ठरली. बाकीचे नातेवाईक फळीवर. मग ओट्यावर पाणसळ ठेवली, तर ओटा गल्लीकडं उतरता निघाला, म्हणून एका अंगाला वड्या जाड होतात म्हणे, मग ताटाखाली पुठ्ठा. मग व्हर्निअर! जिनिंगातलं, शाफ्टची जाडी मोजायचं... त्यानं हा माणूस पातोडी मोजतो! आणि जाड निघाली की माझ्याकडं नाही, गाळणीकडं बघायचं. "गाळणी, हे थापणारं थोडं घाई करून राह्यलं." मग मसाला मिक्सरवर की पाट्यावर, तर दोन्हीवर. लोखंडी कढई, ॲल्युमिनियमची कढई, मंद आच, मोठी आच. आणि त्यांचा नियम असा की आपल्याला जमलं म्हणजे काही जमलं नाही. तीच वाटी, तेच माप, माझ्या हातून व्हायला पाहिजे, कोकिळेच्या हातून व्हायला पाहिजे आणि आमच्या यांच्या हातून व्हायला पाहिजे. यांच्या हातून! ज्यांना उलथनं आणि झारा यातला फरक ठाऊक नाही त्यांच्या! त्या दिवशी यांनी घोटलेल्या बेसनानं दादांनी खिडकीची फट बुजवली असती तर ते वर्षभर निघालं नसतं.

आणि खायचं कोणी? आम्हीच. पाहुणे आले तरी पातोडी, सोमवार असो की सण असो. शाळेतल्या बाई डबा खायला माझ्याजवळ बसेनात. मी एकदा चिडून म्हणालेसुद्धा, की आता जर या घरात पुन्हा पातोडी झाली तर मी माहेरी देऊळघाटला जाते. मी काही त्यांच्याशी बोलत नव्हते हं, पोळपाटाशी बोलत होते. तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर माझ्यासाठी पोह्यांची ताटली झाकून ठेवलेली. मोजून-मापून केलेले, खोबरं पेरलेलं. आणि पोळपाट भिंतीकडं तोंड करून उभा.

पण चव काही येईना, तुम्हाला सांगते. सगळं येत होतं. वडी फुटत नव्हती, तिखट बसत होतं, वर तेलाची तर्री येत होती. कोणी बाहेरचा म्हणाला असता, फर्स्ट क्लास. पण मी घास घ्यायची आणि कढईला सांगायची, नाही. रश्शाला अंग नाही. मग दादा पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून म्हणजे काय, तर कढई घासायची. राख आणि लिंबू लावून, अशी चकचकीत की तोंड दिसावं. दर वेळी. बेसन घोटून झालं की घासायची, मग त्यात रस्सा, रस्सा झाला की पुन्हा घासायची. कालचं काही आजच्यात यायला नको, म्हणे, नाही तर टेस्टिंग खोटं. मलाही ते पटत होतं. आमच्या घरात खरकटी कढई चुलीवर चढवायची सवयच नाही.

आणि मग एकदा आमच्या गल्लीत नळ आला नाही. आठवडा झाला, दुसराही चालला, टाकी खडखडीत, पिण्यापुरतं माठात. दादा दारात खाकरले, आत आले, बेसनाची कढई हातात घेऊन मोरीपाशी उभे राहिले, माठाकडं बघितलं, कढईकडं बघितलं. बुडाला बेसनाची खरवड चिकटलेली, कडेला फोडणीचं तेल. मी फ्रिजला म्हटलं, आजचा दिवस तसंच होऊ दे. आणि त्यांनी तशीच, न धुतलेली कढई आचेवर ठेवली, मसाला टाकला, पाणी टाकलं. खरवड हळूहळू सुटली आणि त्या रश्शात विरघळून गेली.

वच्छलाबाई कढई धूतच नव्हत्या हो! खामगावच्या त्या खोलीत नळ तरी कुठं होता त्यांच्याकडं? एका कढईत सगळं. आणि आम्ही इतके दिवस मसाले शोधत होतो, पाटे शोधत होतो, आणि ज्यात ती चव होती ते रोज राख लावून घासून टाकत होतो.

संध्याकाळी जेवायला बसलो. हे म्हणाले, "हाव, बरी हाय." मी घास घेतला. आणि काय झालं सांगू... वच्छलाबाई समोर बसून वाढताहेत, असं झालं. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. दादा मधल्या दाराच्या पलीकडं. त्यांचं ताट तसंच. मग त्यांनी हळूच विचारलं, "काऊन वं कढई, काय म्हन्ते?"

कढई काही बोलली नाही. का नाही? कारण मला वाटलं, ही काही भांड्याला सांगायची गोष्ट नाही. इतकी वर्षं मीठ सांगितलं, तिखट सांगितलं, हे त्यांनाच सांगायचं, समोर उभं राहून, तोंडानं. पण जीभ अशी एकदम वळते का? म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ते चहा पीत होते, आणि माझी एसटी लागलेली. मेहकर ते डोणगाव मी खिडकीला डोकं टेकवून ते वाक्य पाठ करत गेले, शेजारची बाई माझ्याकडं बघत होती, म्हणाली असेल, मास्तरीण एकटीच बोलते. मी काही तिच्याशी बोलत नव्हते. भांड्याशीही नव्हते. आणि मग तो भागाकाराचा तास.

आता माप पक्कं आहे. शालिग्राममामांची दीड वाटी बेसन, कढई धुवायची नाही, कोकिळेला येतं, यांना येतं, तुम्हालाही येईल, कुणाच्याही हातून बिघडणार नाही, मी खात्री देते. दादांनी ते काम पूर्ण केलं. माझं वाक्य साधंच होतं... "दादा, हेच. वच्छलाबाईंच्या हातचं हेच."

ते त्यांना सांगायचं राहिलं.