टाकीमागचा बेडूक

हाडांच्या डॉक्टरांकडे बाकावर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, लेक नाही आला सोबत?"

"तो जंगलात बेडूक वाचवतोय. तिथे एकेका ओढ्याला वेगळी जात, गेली की संपलीच म्हणे. त्यांना रोग लागू नये म्हणून आत शिरताना बूटसुद्धा औषधाने धुतो."

"आणि घरी?"

"चिखलासकट थेट स्वयंपाकघरात! पण येतो कुठे? गुडघे धरलेत म्हणून फोन केला, तर म्हणाला, शेक घे."

"कमाल आहे बाई!"

"मग काल सांगितलं, टाकीमागे निळ्या ठिपक्यांचा बेडूक बसलाय. आज संध्याकाळी पोचतोय."

"अगंबाई, खरंच आहे?"

"शोधू दे की. सापडल्याशिवाय हलायचा नाही तो."