जावयासोबतची पहिली फेरी

वाहनाची पूजा करणारा माणूस वाहनाची निगाही राखतो, असे तुम्हांला वाटते का? मग आमच्या धरणगावच्या नानांचे ऐका.

कापसाच्या खरेदीपायी खेडोपाडी फिरून नानांची मोटारसायकल पुरती झिजली होती. दसऱ्याला ते तिला झेंडूचा हार घालीत, नारळ वाढवीत. इंजिनातले तेल मात्र कधी बदलीत नसत. मी टोकले, तर म्हणाले, "गुरुजी, देवाचा हात शे तिच्यावर."

पुढे लेकीच्या लग्नात जावयाने मोटारसायकल मागितली. ते मागणेही लाजिरवाणेच. नानांनी हीच गाडी रंगवली, खडखड दबावी म्हणून इंजिनात घट्ट तेल भरले आणि "नवीच समजा, फारशी वापरलेलीच नाही" असे सांगून, हार घालून मांडवापुढे उभी केली.

जावई आदबीने म्हणाला, "मामा, पहिली फेरी तुमच्यासोबत. बसा मागे."

"नको, ऊन फार आहे."

"मग टोपी घाला."

एरंडोलच्या रस्त्यावर इंजिन जाम झाले. जावई एस.टी.ने परतला. नाना कोऱ्या धोतरात, हार घातलेली ती गाडी भर बाजारातून ढकलीत आले. पानवाल्याने विचारले, "नाना, गाडी त नवी शे ना? मंग ढकली काब्र राह्यनात?"

अखेर नानांना खरोखरीची नवी गाडी द्यावी लागली. ती पोचवायला ते स्वतः गेले. विहीणबाईंनी उंबऱ्याबाहेरच किल्ली घेतली. पाणीसुद्धा विचारले नाही.