काचेखालच्या बाईसाहेबांना निरोप

चष्मा शोधू नका, कपाळावर आहे. हे मी सत्कारमूर्तींना सांगतेय. बाकीच्यांनी उगाच आपापलं कपाळ चाचपू नये.

तर, मधल्या मोठ्या खुर्चीत विराजमान झालेले अध्यक्षमहाराज, त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बसलेले मान्यवर पाहुणे, वजनमापांच्या या प्रयोगशाळेतली लहानथोर मंडळी, त्यांच्या घरून नाइलाजाने आलेली माणसं, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी हा सगळा घाट घातलाय ते आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार. मी यांची बायको. पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून घरी पलंगावर पडून आहे. मला लिहितावाचता येत नाही. मी बोलले, नातीने उतरवून घेतलं, आणि आता तीच वाचून दाखवतेय. तिला बजावलंय, आजोबांनी डोळे वटारले तरी एक शब्द गाळायचा नाही.

अध्यक्षमहाराज, गेल्या आठवड्यात आपण यांना विचारलंत, निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं येत राहाल का, जुन्या वजनाची देखभाल करायला? यांनी घरी येऊन मला विचारलं. "तू सांगशील तसं," म्हणाले. मी म्हटलं, "भाषणात सांगते." तेव्हापासून यांच्या घशाखाली घास नीट उतरलेला नाही. उत्तर देणार आहे, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐकावं लागेल. सुटका नाही.

आज इथे निवृत्त होतायत दोघं. एक हे. दुसरी ती, तळघरात दोन काचेच्या झाकणांखाली बसलेली. आपण तिला आदर्श वजन म्हणता. मी पहिल्यापासून बाईसाहेब म्हणते. प्लॅटिनमचा किलो. दिसायला म्हणे छोट्या लिंबाएवढी. म्हणे, कारण मी तिला पाहिलेली नाही. घरच्यांना आत सोडत नाहीत. माणसाच्या अंगाची ऊब लागली तरी तिचा तराजू बिथरतो. अशी नाजूक सवत कुणाच्या वाट्याला आली असेल, तर तिने हात वर करावा.

लग्नानंतर माझ्या बहिणीने मला अत्तराची कुपी दिली. मी हौसेने लावलं. हे दारातच थबकले. "अगं, माझ्या कपड्यांना वास लागेल. तिला नाही चालायचं." तिला! म्हणजे मी कोणतं अत्तर लावायचं, हे एक धातूचा गोळा ठरवणार! कुपी अजून कपाटात आहे. उडून उडून तळाला गेलंय.

रस्त्यावर गाड्यांची वर्दळ असली की तराजू थरथरतो, म्हणून वजनं सुट्टीच्या दिवशी करायची. जगाला सुट्टी असली की आमच्या घरात नवरा नाही. एकदा आरशासमोर उभी राहून मी विचारलं, "अहो, मी जाड झालेय का?" आता याला कुठलाही शहाणा नवरा काय म्हणेल? हे म्हणाले, "कशाच्या तुलनेत?"

आणि तो प्रवास! नात म्हणते, आजी, हे नको. मी म्हणते, हे तर पाहिजेच. साऱ्या देशांतल्या किलोंची म्हणे एक आई होती, दूर देशी तळघरात. लेकी निरनिराळ्या देशांत नांदायला दिलेल्या. कित्येक वर्षांनी एकदा लेकीने माहेरी जायचं, आईशी ताडून बघायचं, परत यायचं. आमच्या बाईसाहेबांना पोचवायला कोण? आमचे हे! विमानात पेटी मांडीवर, वरून पट्टा. सगळा प्रवास पापणी मिटली नाही. मी तोवर विमान फक्त अंगणातून पाहिलं होतं. परत आले ते दमून, आणि पहिलं वाक्य काय? "सुखरूप आली." मी म्हटलं, "मीही सुखरूपच आहे. विचारल्याबद्दल आभार."

पण माहेरी गेल्यावर निराळंच निघालं होतं. आई आणि लेकी यांच्यात फरक पडत चालला होता. किती? बोटाचा ठसा उमटला तर जेवढं वजन वाढेल, जेमतेम तेवढा. बदललं कोण, आई की लेकी? सांगता येईना, कारण आई म्हणेल तोच किलो, असा नियमच होता. मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांनी केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं, तर आमच्या जिभा बिघडलेल्या असायच्या.

मग जगातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, धातूवर विसंबायचं नाही. निसर्गातलाच न बदलणारा एक आकडा घ्यायचा आणि किलो त्याला बांधायचा. हा आकडा शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. तापलेल्या पोकळीतून येणाऱ्या उजेडाचा हिशेब लावताना एका पंडिताला तो सापडला. यांनी मला ओट्याशी उभं राहून समजावलं होतं. "ऊर्जेची देवाणघेवाण सलग धारेने होत नाही गं. तू मीठ घेतेस तशी, चिमटीचिमटीने." मी विचारलं, "मग निसर्गाची चिमूट केवढी?" यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "तोच तो आकडा!" उभ्या संसारात माझ्या प्रश्नावर हे एवढे खूश झालेले मी तेवढंच पाहिलं. त्यातही बोलणं बाईसाहेबांच्याच नातेवाइकांबद्दलचं होतं.

निर्णय झाला त्या दिवशी हे बुटांसकट खुर्चीत बसून राहिले. "आता ती इतर वजनांसारखीच एक. तिलाच वजन करून घ्यावं लागणार." खोटं कशाला बोलू, मला आनंदाचं भरतं आलं. म्हटलं, चढा बाईसाहेब काट्यावर, आम्ही चढतो तशा! पण यांचं तोंड पाहिलं आणि पुन्हा पोटात दुखायला लागलं. माझ्या आजारपणात हे इतके गप्प झाले होते का?

खरी बोच मात्र वेगळी आहे. आमची लेक जन्मली तेव्हा परिचारिकेने बाळ यांच्या पुढे धरलं. हे मागे सरले, धुतलेले हात पुन्हा धुऊन आले, बाळ घेतलं आणि श्वास रोखून उभे राहिले. परिचारिका घाबरली. "अहो, यांना भोवळ येतेय का?" मला ठाऊक होतं. बाईसाहेबांना चिमट्याने उचलताना हे असेच थांबतात. तिच्यावर श्वास पडू नये म्हणून. लेकीसाठी थांबले, पुढे या नातीसाठी थांबले. माझ्याजवळ मात्र खुशाल घोरतात. इतक्या वर्षांत माझ्यासाठी यांचा श्वास कधी अडला नाही, हे मी कुणाला सांगायचं? म्हणून आज सगळ्यांना सांगितलं.

गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरून पडले. हे धावत आले. गुडघे टेकले, दोन्ही हात माझ्याखाली सरकवले, उचललं. पलंगापर्यंतची वाट किती ती! पण यांच्या छातीला कान लागला होता माझा, आणि आत काही हलेना. मी घाबरले. "अहो, श्वास घ्या!"

तर मान हलवली, आणि मला गादीवर टेकवल्यावर हुश्श करून म्हणाले, "थांब की जरा. आधी तुला ठेवू तर दे."

पाय मोडलाय हे मी घटकाभर विसरलेच.

तर अध्यक्षमहाराज, उत्तर ऐका. दोन वर्षं मिळणार नाहीत. दोन दिवससुद्धा नाहीत. माणूस माझा आहे, तो मी घेऊन चालले. पण काचेखाली बसलेल्या आणि आता कुणी काही विचारत नसलेल्या बाईला अगदीच वाऱ्यावर सोडणं मलाही बरं दिसत नाही. वर्षातून एकदा हे तिला भेटायला येतील. त्या दिवशी मी बरोबर असेन. आता ती निवृत्त आहे, माझ्या उबेने काही बिथरायचं नाही. मला तिचं तोंड बघायचंय. अत्तर लावणार नाही. श्वास रोखून धरीन, शब्द देते.

आपण सर्वांनी यांना इतकी वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर या म्हातारीकडे काणाडोळा करावा. वाचताना अडखळली असेल तर ती नात. खोचक बोलली असेल तर ती मी.

आता तिथल्या जेवणातून माझ्यासाठी यायच्या डब्याचं. गरम सूप, मऊ पाव आणि वाफवलेल्या भाज्या पाठवा. गोड थोडं जास्तच पाठवा. डबा नातीकडे देऊ नका, यांच्याच हाती द्या. मांडीवर धरून आणतील. सांडायचं नाही, सवय आहे त्यांना. आणि सूप कढत असू द्या, म्हणजे ती ऊब घेऊन निघता निघता हे पुन्हा तळघरात डोकावायला जाणार नाहीत.