गायकवाडबाईंच्या गाण्यांची यादी

अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं. आमच्या नाशिकच्या कॉलनीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बागेत गाण्याचा कार्यक्रम असतो. कव्वाली झाली, गिटारवाली पोरं झाली, गेल्या महिन्यात अभंगही झाले. या वेळी गाणार होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या गायकवाडबाई, आणि पेटीवर मी.

बाई माइकसमोर बसल्या, तसे आमचे सेक्रेटरी वाकून हळूच म्हणाले, "बाई, भीमगीतं नकोत हं. कार्यक्रम सगळ्यांचा आहे. एखादं भावगीत घ्या."

"म्हणजे अभंग सगळ्यांचे, आणि माझं गाणं तेवढं माझं एकटीचं?" बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काळी चार धरा हो."

मी धरली. बाईंनी भीमगीतच घेतलं आणि असं खणखणीत गायलं, की चालायला आलेली माणसंसुद्धा थांबून टाळ्यांचा ठेका धरू लागली.

कार्यक्रम संपला, तर सेक्रेटरी पुन्हा हजर. "छान झालं हो. पण पुढच्या वेळी गाण्यांची यादी आधी दाखवा."

माझा पाराच चढला. "अहो, अभंगवाल्यांकडे मागितली होती का यादी?"

तर गृहस्थ म्हणतात कसे, "त्यांची गाणी आपल्याला माहीत असतात ना!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई चपला घालता घालता म्हणाल्या, "मग मला दर महिन्याला बोलवा. माझीही माहीत होतील."