मनोऱ्याच्या बाजूची खिडकी

…आणि वर तो पहारेकरी म्हणतो कसा, "मावशी, अर्ध्यावर आलात." अर्ध्यावर! म्हणजे एकशे छप्पन्न पायऱ्या मी भिंत धरधरून चढले, ती नुसती तोंडओळख? तुम्हाला सांगते, तो घड्याळाचा मनोरा चारशे वर्षं शहराच्या मधोमध उभा आहे, मी बावीस वर्षं त्याच्या सावलीला राहते, पण वर जावंसं कधी वाटलं नाही. वेळ काय, खालूनही दिसते. पण नणंद आली पाहुणी, तिच्या हातात यादी, यादीत पहिला मनोरा, आणि आमच्या ह्यांचे गुडघे नेमके त्याच सकाळी दुखायला लागले. दुखू देत. आपल्याला काय करायचंय?

हे वाक्य हल्ली मी फार म्हणते. मुद्दाम सवय लावून घेतलीय. त्याचं असं झालं… शेजारी शिंपीणबाई राहते. आमच्या गॅलऱ्या इतक्या चिकटून, की तिच्या मशीनचा दोरा तुटला तरी मला कळतं. रोज दुपारचा चहा आम्ही कठड्याला टेकून घ्यायचो, ती तिकडे, मी इकडे. तर तीनेक महिन्यांपूर्वी तिच्याकडे एका नवरीचा लग्नाचा पोशाख आला आणि पंधरा दिवसांत दोनदा सैल केला हो तिनं! मी आपली काळजीनं जिन्यात एका बाईला विचारलं, मुलीची तब्येत बरी आहे ना? आता ती नवऱ्यामुलाची मावशी निघावी, ह्यात माझा काय दोष?

पोशाखही गेला, गिऱ्हाईकही गेलं. शिंपीणबाई भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती दारात उभी राहून हळूच म्हणाली, "काकू, तुमची नजर माझ्या खिडकीत राहायलाच आलीय." मला लागलं ते. मी म्हटलं, पुन्हा तुझ्या खिडकीकडे बघेन तर शपथ! आणि पाळली मी. गॅलरीत पाऊलच टाकलं नाही. दोन महिने स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून चहा प्यायले. पिऊन बघा एकदा, म्हणजे कळेल.

तर त्या दिवशी निघताना नणंद गॅलरीत डोकावली आणि म्हणाली, "वहिनी, कुंड्या काय बहरल्यात! काय घालता हो?" काय घालणार? दोन महिन्यांत थेंब घातला नव्हता. मी म्हटलं, हाताचा गुण. जाऊन बघावं तर शपथ आडवी. असतील बहरल्या. आपल्याला काय करायचंय?

असो, तीनशे बारा पायऱ्या चढले. वर वारा असा की डोक्यावरचे उरलेले केसही निघून जावेत. तिथला माहितीवाला एका सुरात सांगत होता, "ही घंटा अमुक मणांची, हा दगड तमुक डोंगरातला…" आणि नणंद प्रत्येक दगडाला मान डोलावतेय! कठड्याशी खांबावर एक भलीमोठी दुर्बीण. माझ्या मागोमाग वर आलेला पहारेकरी म्हणाला, मावशी, नदी बघा, जुना पूल बघा. बघितली नदी. पाणीच ते. बघितला पूल. मग दुर्बीण आपोआप वळली हो, खोटं कशाला सांगू? टाकीवरून, शाळेच्या छपरावरून सरकत सरकत आली ती थेट आमच्या इमारतीवर. आमची गॅलरी दिसली. आणि गॅलरीत हात!

माझ्या घरात चोर! पण हाताच्या पुढे झारी होती. हाताच्या मागे मान, मानेभोवती मापाची पिवळी टेप. शिंपीणबाई तिच्या कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून माझ्या कुंड्यांना पाणी घालत होती. एकेकीला, सावकाश. वाळकं पान दिसलं तर खुडत होती…

मी डोळा काढला नाही. मागे रांग लागली, माहितीवाला खाकरला, नणंद विचारतेय, "वहिनी, नदी एवढी आवडली?" मी म्हटलं, हो गं, फार भरून आलीय.

उतरताना पायऱ्या मोजल्याच नाहीत. घरी आले तर शिंपीणबाई दारात काजं करत बसलेली. मान वर नाही. मी ठरवलं होतं, मुकाट्यानं आत जायचं. पाय चालले, पण जीभ थांबेल तर ना! म्हटलं, "कोरफडीला रोज पाणी नको घालूस गं. कुजेल."

सुई हवेतच राहिली. ती म्हणाली, "तुम्ही तर मनोऱ्यावर गेला होतात."

"तिथूनच बघितलं."

शपथ मोडली, तीही सरकारी दुर्बिणीतून! आता दार आपटणार म्हणून मी उभी. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "धापा टाकताय. बसा, चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत गेले. माझ्या बाजूची तिची खिडकी सताड उघडी, कठड्यावर दोन कप. आणि पलीकडच्या, मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीला नवा पडदा. दुहेरी अस्तराचा, वरपासून खालपर्यंत.

लावू दे. आपल्याला काय करायचंय? फक्त कापड फार भारी आहे हो… एवढं कुणाचं उरलं असेल?