ग्विलिमची डोंगरखरेदी

वेल्समधल्या त्या डोंगरपायथ्याच्या गावात, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात ऑल्वेन लोकरीचे गुंडे घेऊन रांगेत उभी होती. पुढे सत्तरीतलं एक जोडपं होतं, ग्विलिम आणि त्याची बायको मेररिद. दोघांची चांगलीच जुंपली होती.

“पाणी आत शिरणार नाही असं जॅकेट, आणि फक्त सहा पौंडांत!”

“वा! उरलेल्या पैशांत राजवाडा बांधू या.”

“आणि हा तंबू बघ.”

“खुंट्या आहेत त्यात?”

“खुंट्या काय, कुठेही मिळतात.”

“हो ना. मागे स्टोव्ह आणलास, त्याची नळीही कुठेही मिळणार होती. बिचारा अजून गॅरेजमध्ये वाट बघतोय.”

“डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, मेररिद.”

“बागेपर्यंत, ग्विलिम! छाती उघडून शिवलेल्या माणसाला डोंगर चढ म्हणाले का ते?”

“बागेत म्हातारे फिरतात.”

“आणि तू कोण, कोवळं कोकरू?”

“यंदा नाही चढलो, तर मग कधी चढणार मी?”

मेररिदने जॅकेटची बाही त्याच्या हाताला लावून पाहिली. ऑल्वेनने उगाच लोकरीचा रंग निरखला.

“बाह्या लांब आहेत,” मेररिद शेवटी म्हणाली. “दुमडून देईन.”

त्यांचा नंबर आला. ग्विलिमने जॅकेट आणि तंबू टेबलावर ठेवले. मेररिदने काखेतले बायकांचे बूट काढून त्यांच्या शेजारी ठेवले. जाड तळव्यांचे, डोंगर चढायचे.

“हे कुणाला?”

“मला. वर चक्कर येऊन पडलास, तर ‘मी सांगितलं होतं’ म्हणायला कुणी जवळ नको?”